नळी निवळली

अण्णा, निवळलं! आधी एवढंच सांगते, बाकीचं मागून. आज दुपारी नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये खिडकीच्या उजेडात मी नळी धरली आणि पलीकडचं माझं बोट आरपार दिसलं. सकाळी त्याच नळीत निस्तं दूध होतं. म्हणजे दूध नव्हे, आपल्या धाकट्याचं रक्त. लाल भाग खाली बसवला की वर जे पाणी राहतं ना, ते. तुमचं-आमचं फिकट पिवळं असतं म्हणणार होते, पण तुमचं तसं नव्हतं. बाकी कुणाचंही ते पाणी तसंच असतं. धाकट्याचं पांढरंफेक, वर सायीसकट. तुमचं होतं तसंच. नळी निवळल्यावर मी अशी किंचाळले की आमच्या मॅडम चहाचा कप हातात घेऊन पळत आल्या. चाळिशी उलटलेली बाई मी, पोरगी बारावीला, आणि नाचायचीच काय ती बाकी राहिले होते.

तुम्हाला हे कळेल म्हणून तुम्हालाच सांगते. देवणीच्या डेअरीत तुम्ही उभी हयात फॅट काढण्यात घालवली. नळीत ॲसिड, त्यावर दूध, बूच लावून हलवायचं आणि हाताच्या मशीनमध्ये घालून गरागरा फिरवायचं. तुमचा एक सदरा ॲसिडच्या भोकांवाचून नव्हता. "किती लागली, अण्णा?" असं विचारत माणसं दारात उभी राहायची, आणि दुधात पाणी असलं की तुम्ही कुणाचीही भीडमुर्वत ठेवत नव्हता. "सरपंच, तुमच्या म्हशीनं आज हिरीत तोंड घातलं व्हतं का वो?" सगळी डेअरी हसायची, सरपंचसुद्धा. अण्णांनी सांगितलेली फॅट कुणी दुसऱ्यांदा काढायला लावली नाही. आणि असा हा दुधातला माणूस घरी मात्र कोरा चहा प्यायचा. दूध तुम्हाला मानवतच नव्हतं. सणाला आईनं आग्रहानं पोळीवर तुपाची धार धरली की पुढचे दोन दिवस तुम्ही पोट धरून आडवे. आई वैतागायची, "लोकाच्या अंगाला तूप लागतं, ह्यांच्या पोटाला लागतं." तिचं बोलणं किती खरं होतं ते मला आज कळून राहिलंय.

मी अकरावीला होते. लातूरला सायन्स घेतलेलं, त्यामुळं डोक्यात हवा. दिवाळीची सुट्टी संपवून परत निघाले तेव्हा तुमचं दुखणं वाढलेलं, म्हणून तुम्हाला सोबत घेतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त उपाशी पोटीच द्यायचं. एसटी निलंग्याच्या स्टँडवर थांबली. मी भजी खाल्ली, तुम्ही नाही. लातूरच्या त्या लॅबमधला माणूस तुमची नळी उजेडात धरतो आणि मोठ्यानं हसतो. "काका, दूध पिऊन आलात का? चांगलं लिटरभर दिसतंय!" तुम्ही म्हणता, "न्हाई बा. रातच्यापासून पोटात पाण्याबिगर काय न्हाई." बाकावर बसलेली सगळी माणसं आपल्याकडं वळून बघतात. माझे कान तापलेले. आपला बाप अडाणी, आपण सायन्सवाल्या! पुस्तकात लिहिलेलं मला पाठ होतं की जेवल्यावरच रक्त असं पांढरं दिसतं. मी बोलून गेले, "मी निलंग्याला पाणी आणायला उतरले होते. तेवढ्यात खाल्लं असेल ह्यांनी काहीतरी."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही, हे जास्त वाईट. एक पॉइंट फॅट कधी इकडची तिकडं न केलेला माणूस त्या बाकावर म्हणाला, "लेक म्हणून राहिली म्हंजे खाल्लं असंल, बाबा." लॅबवाल्यानं कागदावर लिहिलं, जेवून आले, आणि पुन्हा कधीतरी उपाशी या म्हणाला. तुम्ही परत गेला नाहीत. "कामून, माय? तुझं कालेज बुडतं." संक्रांतीच्या आधी पोट असं दुखलं की तुम्हाला उचलूनच न्यावं लागलं, तिथं स्वादुपिंड सुजलंय म्हणाले, दारूनं सुजतं तसं, आणि पहिला प्रश्न हाच, किती पिता? सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे तुम्ही! तिसऱ्या दिवशी गेलात. दहाव्याला लोक कुजबुजत होते, चोरून घेत असतील.

आता गेल्या आठवड्यात धाकट्याला लातूरला ॲडमिट केलं. तेच पोट, त्याच कळा आणि प्रश्नही तोच. त्याच्या बायकोचं तोंड उतरलेलं. तो मला म्हणतो, "ताई, आईची आन, एक थेंब न्हाई." अगदी तुमचा आवाज, अण्णा! ह्या वेळी मी पुस्तक बाजूला ठेवलं. त्याला रात्रभर उपाशी ठेवून सकाळी स्वतः रक्त घेतलं आणि बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून नांदेडला आणलं.

मॅडमच्या फ्रिजमध्ये एक करंगळीएवढी कुपी होती. निरोगी माणसांच्या रक्तातून गाळून, शुद्ध करून काढलेलं प्रथिन. चिमूटभरसुद्धा नाही. अपो सी-टू म्हणतात त्याला. रक्तातली चरबी फोडणारे कामगार वेगळे असतात, पण हा मुकादम आल्याशिवाय ते कुदळ उचलत नाहीत. मग चरबी साचून रक्त दुधाळ होतं आणि दारूवाचूनच स्वादुपिंड सुजतं. आणि ऐका, तपासणीसाठी ते कामगार आम्ही कशातून काढलेले वापरतो माहितीये? गाईच्या दुधातून! हसू नका. धाकट्याच्या रक्ताच्या दोन नळ्या केल्या. दोन्हींत दुधातले कामगार घातले, मुकादम एकीतच. अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवल्या. मी दर पाच मिनिटांनी उठून बघत होते, मॅडम म्हणाल्या, "अगं, बघून बघून उतू जाईल ते." एक नळी पांढरी ती पांढरीच राहिली. दुसरी निवळत निवळत गेली.

मॅडमनी बजावलंय, जनुकांचा रिपोर्ट येईस्तोवर शंभर टक्के म्हणू नकोस. पण धाकट्याच्या शरीरात हा मुकादम नाही किंवा कामाचा नाही, आणि हे जन्मापासूनचं आहे. लातूरला फोन लावला तर वहिनीनं उचलला. "ताई, म्हंजे ह्यांनी खरंच घेतली न्हाई?" मी ओरडले, "न्हाई गं बाई! सासऱ्याकडनं आलंय हे!" हे दोन्हीकडून यावं लागतं, म्हणजे आईकडूनही आलंच असणार, ती तुमच्या मामाचीच लेक ना. वहिनी हसत होती की रडत होती कळेना. आता तेल-तूप जवळपास बंद, आणि फारच अडलं तर चांगल्या माणसाच्या रक्तातलं पाणी चढवून बघता येतं. तुम्हालाही चढवता आलं असतं. त्या कागदावर 'उपाशी' लिहिलं असतं तर कुणीतरी थांबून विचार केला असता, ह्या विचारानं मला आज आनंदातही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटून राहिलंय.

धाकटा घरी आला की तुमच्या फोटोसमोर सगळ्यांना हे वाचून दाखवायचं, असं लिहायला बसताना ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. घडी करून माझ्याच कपाटात ठेवते. कारण निलंग्याला मी पाणी आणायला उतरलेच नव्हते, अण्णा. तुम्ही उतरला होतात. भज्यांचा पुडा खिडकीतून माझ्या हातात दिलात, तेलकट बोटं धोतराला पुसलीत, नळावर दोन ओंजळी पाणी प्यालात आणि येऊन माझ्या शेजारी बसलात. मी सगळा वेळ तुमच्याकडंच बघत होते.