सहावी फेरी

५ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अ. उ. आ. आशीर्वाद आधीच देऊन टाकते, पुढे देता येतील असं वाटत नाही.

मला न विचारता तू माझी खुर्ची उसवलीस. नाही म्हणू नकोस. वाचनालयाच्या बारा खुर्च्यांपैकी मी वेताने विणलेली ती पहिली, काल पुसायला उलटी केली, तर खाली शेवटच्या फेरीच्या सगळ्या गाठी डाव्या हाताच्या. आपल्या घरात डावखुरा एकच. तो गेल्या महिन्यात आठ दिवस राहून, तुझ्या दाजींच्या हातचं करपलेलं मुकाट खाऊन गेला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्या खुर्चीचं मला काय होतं ते तुला ठाऊक नाही. पित्ताशय काढून नऊ आठवडे झाले. टाके भरले, पोटाची तक्रार नाही, पण भूल काही डोक्यातून उतरायचं नाव घेत नाही. दूध उतू गेलं की मलाच नवल वाटतं, हे गॅसवर ठेवलं कुणी. परवा शेजारणीकडे कात्री मागायला गेले आणि शब्दच गेला. दारात उभी राहून दोन बोटं हलवत होते. घरी येऊन सांगितलं तर दाजी हसले, मग माझं तोंड बघून गप्प झाले. हसत राहिले असते तर बरं झालं असतं. तुला फोन करत नाही तो याचसाठी. शब्द सापडेपर्यंत पेन थांबतं, माणसं थांबत नाहीत.

अशात ती एक खुर्ची मला धीर होती. येईल त्याला दाखवायचे. म्हणायचे, डोकं दगा देतंय तर देऊ दे, हात शाबूत आहेत. आणि ते हात तुझे निघाले.

काय चुकलं होतं ते खरंखरं लिही. साखर पेरू नकोस. लोभ आहे, पण सध्या फळीवर ठेवलाय.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गुन्हा कबूल. तू विचारलंस म्हणूनच लिहितो.

सहापैकी पहिल्या चार फेऱ्या तू अशा घातल्या होत्यास की बाबांनाही बोट ठेवायला जागा सापडली नसती. दोन उभ्या, दोन आडव्या, वेत ताणलेला, एक पट्टी पिळलेली नाही. पण तिरप्या दोन्ही एकाच बाजूला गेल्या होत्या. पाचवी डावीकडून उजवीकडे, आणि सहावीही तशीच, तिच्याच भोकांतून, तिच्या अंगाला अंग लावून. उलट्या तिरपीची एक पट्टी नव्हती. आणि तू समाधानाने हात झटकून दुपारची जेवायला उठलीस. जेवताना मला दोनदा विचारलंस, मी आलो कधी.

मी घाबरलो, ताई. तुझा डोळा लागल्यावर सहावी उसवली आणि नवी घातली. सांगितलं नाही, कारण माझी चूक दिसली की तू ती चार घरांना ऐकू जाईल अशी सांगतेस. तुझी एक चूक मला तुझ्यापुरतीसुद्धा सांगता येईना. चहा केला आणि हवापाण्याच्या गोष्टी बोललो.

आता दुसरंही सांगून टाकतो, म्हणजे रागावणं एकदाच होईल. वाचनालयाच्या कारकुनाला मी फोन केलाय. शुक्रवारी, अठ्ठावीसला, तो गाडी घेऊन येईल आणि उरलेल्या अकरा खुर्च्या माझ्या दुकानी पोचवेल. तू निजून राहा, बरी हो. मी मोडतोड न करता सगळ्या संपवीन.

दाजींना नमस्कार, त्यांच्या आमटीलाही. माया पातळ करू नकोस.

बारक्या

१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास, उरलेसुरले आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग त्या कारकुनाचं वाचलं आणि रडणं थांबलं. मला न विचारता माझ्या खुर्च्या न्यायला निघालास! एक फेरी चुकले तर अख्खं दुकान उचलतोस होय रे?

पत्र घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. वाचायला दिलं, म्हटलं, मी काय सांगू, यातच लिहिलंय. ते म्हणाले, ऑपरेशन आणि भूल यानंतर काहींचं डोकं असं आठवडे, महिने जड राहतं. बहुतेकांचं हळूहळू निवळतं, पण तारीख देता येत नाही. झोपेची गोळी बंद केली, रक्त तपासायला घेतलं. रोज चालायचं, एका वेळी एकच काम, थकायच्या आधी उठायचं. काम सोडायचं का, असं मी तीनदा विचारलं. विसरले म्हणून नव्हे, खात्री करायला. तिन्ही वेळा नाही म्हणाले.

मग घरचं मोडकं स्टूल घेऊन बसले. सकाळी चार फेऱ्या सरळ गेल्या, हात आपले आपण चालत होते. पाचवीला कुणी ओला पंचा डोळ्यांवर टाकावा तसं झालं. उठले. तसंच ठेवून उठणं मला या वयात शिकावं लागतंय, आणि ते ऑपरेशनपेक्षा जास्त दुखतं.

तेव्हा ऐक. खुर्च्या इथून हलणार नाहीत. उभ्या-आडव्या चार फेऱ्या मी घालीन, दिवसाला जमतील तेवढ्या. तू दर पंधरा दिवसांनी ये आणि तिरप्या घाल, पण माझ्या देखत, मी जागी असताना. माझं चुकलेलं दिसलं तर तोंडावर सांग. मी ओरडेन, तू उठून जाऊ नकोस. मला चुकलेली फेरी बघवते रे, लपवून सुधारलेली बघवत नाही. आणि अकरांतली एखादी तरी अशी येईल, की सहावी फेरी मी म्हणेन माझी. ती पाचवी खुर्ची असेल, अकरावी असेल, मला माहीत नाही. आलीच नाही, तरी ते मला खुर्चीपाशी बसून कळू दे, अंथरुणात निजून नको.

कारकुनाची गाडी शुक्रवारी येईल. तिला दारातून रिकामी पाठवायला मला तुझा शब्द हवा. येतोस की नाही, ते गुरुवारच्या टपालापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. गुरुवार म्हणजे सत्तावीस. मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

ताई