डांबर संपलं की हवा सोडायची

अहो,

आज तुमच्या जीपच्या चारही चाकांची हवा मी स्वतःच्या हाताने सोडली! हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून आईंनी उंबरा ओलांडला नव्हता. आज सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, दिघाशीच्या शेतातलं भात बघायचंय. मी लगेच चावी घेतली. म्हटलं, आज अर्ध्यातून परत फिरलो, तर ही बाई पुन्हा बाहेर पडायची नाही.

भाऊजी मदतीला धावले. काल्हेरच्या गोदामात ट्रक भरण्यात जन्म गेलेला तुमचा भाऊ! "वाटंला चिखल हाय वहिनी, हवा टाइट पायजे," म्हणत त्यांनी चाकं दगडासारखी करून दिली. आपल्याकडे सगळ्यांचं हेच, जड काम दिसलं की भर हवा. तुम्ही उलटं करायचात, तेव्हा अख्खं गाव हसायचं. मीही हसायचे.

डांबर संपलं, शेताची वाट सुरू झाली आणि ओढ्यापाशी जीप रुतली. फोर व्हील टाकलं, तरी चाकं जागच्या जागी गरगर. आई म्हणाल्या, राहू दे, घरी जाऊ. मी खाली उतरले.

इथेच तर तुम्ही चाकाशी उकिडवे बसायचात. मी आत बसून कटकट करायचे, उशीर होतोय म्हणून. तुमचं ठरलेलं, हवेचा काटा रस्त्यावर बत्तीस, चिखलात अठरा. अनवाणी पाऊल पसरतं तसं चाक पसरलं पाहिजे, म्हणायचात. पण मला कधी हात लावू दिलात का हो? साडी मळेल म्हणे! मळली असती तर धुतली असती. तेवढीच तुमच्याशेजारी बसले असते.

जीपमधल्या डब्यातला तुमचा हवा मोजायचा मीटर काढला आणि एकेका चाकाची हवा अठरापर्यंत सोडली. मग हलकेच ॲक्सिलेटर दिला. जीप निघाली!

आई बांधावर बराच वेळ बसल्या. भाताची लोंबी हातात धरून तुमचं नाव घेऊन रडल्या, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही रडले. बरं वाटलं.

परतताना डांबर लागलं. कमी हवेच्या चाकांवर जोरात पळवलं तर टायर तापून फाटतो, हे तुम्हीच बजावलेलं. सावकाश चालवत पहिल्याच पंक्चरवाल्याकडे थांबले. त्याने विचारलं, "कितना डालूँ?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आई म्हणाल्या, "बत्तीस भर. माझा पोर बत्तीसच भरायचा."

मी वळून बघतच राहिले. इतकी वर्षं मागच्या सीटवर डोळे मिटून बसायच्या. आपल्याला वाटायचं, झोपल्यात!

आता शब्द देते. डांबर संपलं की थांबेन, डांबर लागलं की पुन्हा थांबेन. भाऊजींना चाकाजवळ फिरकू देणार नाही. आणि पुढच्या खेपेला आईंना पुढे बसवेन, तुमचा मीटर त्यांच्या हातात देऊन.

मळक्या साडीतली तुमची,
सुनंदा