कापडाचाच दोष

३ जून
बॉबिनचा शाळेचा स्कर्ट कमरेतून घसरतो. बॉबिन म्हणजे आमची लेक, वय चौदा. लहानपणी दुकानात शिलाई मशीनच्या बॉबिनींशी खेळायची, ते नाव चिकटलं. स्कर्ट बघितला. कापड सैल पडलंय, दुसरं काही नाही. आयुष्यभर पुरुषांचे सूट शिवले, मला नाही कळणार तर कोणाला? टिपा मारून दिला. विषय संपला.

१९ जून
पुन्हा सैल. हलकं कापड. बायको म्हणते, पोरगी जेवत नाही. म्हटलं, या वयात दिसण्याचं खूळ असतं. उद्यापासून सगळे एकत्र जेवणार. मी जातीने लक्ष ठेवणार.

२० जून
सूटची ट्रायल लांबली. उद्यापासून.

२ जुलै
एकत्र जेवलो. पोरीने ताट चक्क रिकामं केलं. बायकोला ऐकवलं, बापाचा धाक लागतो. नंतर बायकोने रुमालात बांधलेलं जेवण दाखवलं. दप्तरात होतं. असेल, मधल्या सुट्टीसाठी.

१४ जुलै
बायकोने सांगितलं, पोरीची पाळी थांबलीय, आणि ती त्यावर खूश आहे. असले विषय बायकांनी आपापसांत बघावेत. दुकानात दिवसभर खिसे उलटे लागले. सुई बोथट झाली असावी.

२८ जुलै
पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात स्वेटर घालते. फॅशन. आज जिन्यात कठड्याला धरून उभी होती, धाप लागलेली. मी खाली होतो. हाक मारली नाही. दचकून पडेल असं वाटलं. घाबरलो वगैरे नाही. ही ऑर्डर गेली की डॉक्टर, नक्की.

५ ऑगस्ट
शाळेत चक्कर येऊन पडली. मीच उचलून रिक्षात ठेवली. हँगरवरचा कोट उचलावा तशी. हाताचा अंदाज माझा कधी चुकत नाही. आज चुकावा म्हणून देवाला हात जोडले.

९ ऑगस्ट
हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे खूळ नाही, आजार आहे, जिवावर बेततो. कारणं बरीच असतात. पण त्यातलं एक आमच्या पोरीने स्वतःच सांगितलं: बाई झालं की बाबा लांब करतात. ती मोठी झाली तेव्हा मी तिचं दुकानात येणं बंद केलं होतं. गिऱ्हाईकं सगळी पुरुष, बरं दिसत नाही. तिला वाटतं, लहान राहिलं तर परत येता येईल.
बाईंना म्हटलं, एवढंच ना, उद्याच मिटवतो.

१० ऑगस्ट
भाषण पाठ करून गेलो. कितीही मोठी हो, दुकान तुझंच, कटिंग शिकवतो, वगैरे. छान झालं. ती सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाली, "आणि आई?"
बायको शेजारीच संत्रं सोलत होती. लग्नाआधी तिचं कटिंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. लग्न झाल्यापासून दुकानात येत नाही, घरी काज-बटणं करते. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.
मी म्हटलं, बघू.
बॉबिनने भिंतीकडे तोंड केलं. संत्रं कोणीच खाल्लं नाही.