गुंतवणूक म्हणून घेतलेली कूगर

१३ सप्टेंबर, शनिवार

उत्कर्षचं काय करू? सख्खा दीर आहे म्हणून सोडलं!

आईला भेटायला म्हणून म्युनिकहून इथे वोल्फ्सबुर्गला आला, आणि येताना ग्राफ घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर, वरणभात पानात असताना, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "वहिनी, जुन्या अमेरिकन मसल कार्सचे भाव बघा. तीन वर्षांपूर्वी इथे होते, आता इथे. ज्यांनी तरुणपणी या गाड्यांची स्वप्नं बघितली ते म्हातारे झाले. त्यांच्यामागे घेणार कोण? आत्ताच्या पोरांना लायसन्ससुद्धा नकोय."

मी म्हटलं, जी वस्तू पुन्हा कधी बनणार नाही तिचा भाव पडत नसतो. दरवर्षी चार गंजतात, दोन ठोकल्या जातात. उरलेल्यांची किंमत वाढणार, साधं गणित आहे.

"टाइपरायटरही पुन्हा बनणार नाहीयेत, वहिनी."

कपिल हसला! माझा नवरा, माझ्याच घरात, ताकाचा घोट घेता घेता! मग मात्र माझं टाळकं सरकलं.

शेवटी पैज लागली. माझ्या कूगरचं रीतसर वेर्टगुटआख्टन करायचं, म्हणजे तज्ज्ञाकडून किमतीचा दाखला. चार वर्षांपूर्वी दिले त्यापेक्षा एक युरो जास्त निघाला तर उत्कर्ष जन्मात या विषयावर तोंड उघडणार नाही. कमी निघाला तर गाडी विकायची. "चालेल!" म्हणून मी मोकळी झाले. कपिलकडे बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई तेवढं म्हणाल्या, "पण चालते ना ती?"

१४ सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. इथे तरी खरं लिहिते, इथे कोण वाचतंय!

सत्तर सालची मर्क्युरी कूगर. मस्टँगची चुलत बहीण, जरा लांब, जरा शिष्ट. मोठं व्ही-एट इंजिन. रंग पिवळा, कारखान्यातून निघाली तोच. इंजिन तेच, त्यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळणारा. ब्राउनश्वाइगजवळ एक निवृत्त दंतवैद्य विकत होता. मी सहज बघायला गेले होते. गेनाऊ, अगदी सहज! त्याने किल्ली फिरवली आणि ती जी काही गुरगुरली, माझ्या बरगड्या हलल्या. बावीस वर्षं मी इंजिनांचं काम करते. इंजिनं मोजते, तासते, अहवाल लिहिते. पण एकाही इंजिनाने मला असं केलं नव्हतं. तिथल्या तिथे म्हणाले, घेते.

घरी येताना ट्रेनमध्ये घाम फुटला. कपिलला काय सांगू? आणि तोंडात आयता शब्द आला. गुंतवणूक.

आपल्याकडे या शब्दावर कोणी बोट ठेवत नाही. सोनं घेऊन लॉकरमध्ये टाकलं, गुंतवणूक. पुण्यात फ्लॅट घेऊन कुलूप घातलं, गुंतवणूक. पण पंचेचाळिशीची बाई म्हणाली, मला आवडली म्हणून घेतली, की सगळे भुवया वर करणार. कपिलने एकच विचारलं, "वाढेल?" मी म्हटलं, वाढणारच. तो बरं म्हणाला, आणि स्वतःची नवी गाडी रद्द करून तीच जुनी खटारा गाडी अजून चालवतोय.

आणि मी? मी कूगर चालवतच नाही! मैल वाढले की भाव उतरतो ना. गुंतवणूक आहे ना! दर रविवारी भाड्याच्या गॅरेजात जाते, दहा मिनिटं चालू ठेवते, ऐकते, बंद करते. घरी सांगते, मेंटेनन्स. हात धुऊन पोळ्या लाटायला घेते.

१९ सप्टेंबर

ऑफिसात कळलं, आमचा इंजिन टेस्टबेड, म्हणजे इंजिनं चालवून तपासायची जागा, डिसेंबरात बंद. मला बॅटरी ग्रुपमध्ये टाकलंय. बॉस म्हणाला, "फ्राऊ गोडसे, झुकुन्फ्ट!" म्हणजे भविष्य. इतक्या आनंदाने सांगितलं की जणू मला लॉटरी लागली. सगळे मिळून इंजिनं मोडीत काढतायत. काढा! माझं एक आहे, त्याला कोणी हात लावून दाखवा.

२ ऑक्टोबर, दसरा

सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं, गाडीची पूजा करायची. कपिलची खटारा त्यांनी नुसती हळदकुंकू लावून उरकली. "आता त्या पिवळीकडे चल."

गॅरेजात गेलो. पितळी तबक, फुलं म्हणून आल्डी सुपरमार्केटातली शेवंती, आपट्याची पानं नाहीत म्हणून खालच्या झाडाची पानं. त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला निघाल्या. मी हातच धरला! "अहो आई, इथे नको! बाहेर शेजारी उभे आहेत, नाझी खूण समजतील!" त्या म्हणाल्या, "बरं बाई, श्री काढते." काढला. चांगला वीतभर.

मग ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल की आता. एक चक्कर."

मी म्हटलं, नको आई, मैल वाढतात.

"मग घेतली कशाला?"

 "गुंतवणूक आहे," म्हटलं. त्या उतरल्या. साडी सावरत म्हणाल्या, "आमच्या राजाभाऊंनीही एक गाय अशीच घेतली होती. दूध काढायचे नाहीत." राजाभाऊ म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. खरं की खोटं, देव जाणे.

३ ऑक्टोबर

कुंकू पुसायला गेले. तेलाचं होतं. पंचावन्न वर्षांच्या रंगात मुरलं! श्री पुसट झाला, पण गेला नाही. पॉलिश लावून घासला असता तर निघाला असता, पण मूळ रंगही गेला असता. एक शिवी हासडली, अस्सल मराठीत. सासूबाईंना सांगितलं नाही. राहू दे. मूळ रंग तो मूळ रंग.

१० ऑक्टोबर

गुटआख्टर, म्हणजे दाखला देणारे तज्ज्ञ, आले. हेर ब्रुंकहोर्स्ट. साठीचा माणूस, स्वतःची चटई घेऊन आला, गाडीखाली अर्धा तास पडून राहिला. मग एक छोटं यंत्र टेकवून रंगाची जाडी मोजली, एकेका दारावर, एकेका कोपऱ्यात. मी शेजारी उभी.

बॉनेटवर येऊन थांबले. "उंड वास इस्ट डास?" म्हणजे, आणि हे काय?

मी सांगितलं, आशीर्वाद. सासूबाईंचा. त्यांनी मान डोलावली, चष्मा पुसला आणि अहवालात लिहिलं. मी वाकून वाचलं: धार्मिक खूण, रंगाला इजा नाही. जर्मन माणसाकडे प्रत्येक गोष्टीला रकाना असतो बुवा!

मीटर: ३९,८१२ मैल. तेही लिहिलं. जाताना म्हणाले, "तुम्ही चालवत नाही. शाडे." म्हणजे वाईट वाटतं. किंमत ठरवणारा माणूस, आणि त्याला वाईट वाटतंय!

१५ ऑक्टोबर

जिंकले! जिंकले! जिंकले!

घेतली त्यापेक्षा बावीस टक्के जास्त! मूळ रंग, जुळणारे नंबर आणि कमी मैल, ही तीन कारणं खाली लिहून दिलीयत. मी ते पान फोटो काढून उत्कर्षला पाठवलं, वर लिहिलं: टाइपरायटर. पाच मिनिटांत त्याचा फोन. स्पीकरवर घेतला, कपिल आणि सासूबाई दोघांना ऐकवायला.

"मानलं, वहिनी. लोटांगण. तुम्ही बरोबर, मी चूक." मी चहात साखर घालायचं विसरले एवढी खूश. आणि मग तो म्हणाला, "आल्झो, तर मग आता लगेच विकून टाका. अजून भाव आहे तोवर. शिखरावर असताना विकायचं असतं."

मी म्हटलं, वेड लागलंय का?

कपिल शांतपणे म्हणाला, "त्याचं बरोबर आहे, ऊर्मिला. एवढ्यासाठीच घेतली होतीस ना?"

 उत्कर्षला गप्प करायला निघाले होते, आणि गप्प बसले मीच. हरले असते तरी विकायची होती. जिंकले तरी विकायची! चार वर्षं स्वतःच्या हाताने हा फास वळत होते आणि मला पत्ता नाही.

१७ ऑक्टोबर

कपिलने ब्रुंकहोर्स्टना विचारलं. त्यांच्या ओळखीत एक गिऱ्हाईक आहे, बाड हॉम्बुर्गचं. २५ तारखेला येणार. मी म्हटलं, येऊ दे. चहासुद्धा देणार नाही.

२५ ऑक्टोबर

दिला चहा. संस्कार आडवे आले.

गिऱ्हाईक म्हणजे एक गोरेगोमटे डॉक्टरसाहेब, पांढरे सुती हातमोजे घालून. स्वतःचा हॉल आहे म्हणे, हवेतला ओलावासुद्धा ठरलेला. अकरा गाड्या. मी विचारलं, चालवता का? त्यांनी असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून शिरलेय. "नाइन, नाइन! छे! या गाड्या उभ्या ठेवायच्या असतात."

मीटरवर बोट ठेवून म्हणाले, पहिला आकडा तीन आहे, हेच महत्त्वाचं. चाळीस हजार झाले की माझ्या कामाची नाही. गाडी आहे अशीच हवी, एक मैल जास्त नको. सही गाडी ताब्यात घेताना. आमची नंबरप्लेट एप्रिल ते ऑक्टोबर अशी सीझनची आहे, पुढे गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून एक नोव्हेंबरला ट्रेलरवर चढवून नेणार.

कपिलने हात मिळवला. मीही मिळवला. हातमोज्याशी.

ते गेल्यावर मला एवढा राग आला! त्यांचा नाही. त्या हॉलमधल्या अकरा गाड्या आणि माझं गॅरेज, फरक काय? मी फक्त हातमोजे घालत नाही.

२९ ऑक्टोबर

आज बोलले. बोलले म्हणजे, ओरडले.

संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुला विकायचीय का ती?" कपिल तेवढ्यात पाणी प्यायला आत आला होता. मी म्हणायला निघाले, हो, चांगला भाव आलाय. आणि तोंडातून भलतंच आलं.

"नाही! नाही विकायची! गुंतवणूक नव्हतीच ती कधी. हौस होती माझी. हौस! मला तो आवाज आवडला, म्हणून घेतली. भाव वाढला काय, पडला काय, मला काही घेणंदेणं नव्हतं. शून्य झाला असता तरी घेतली असती!"

सासूबाई मेथी निवडत राहिल्या. कपिलने ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, हसेल. हसला नाही.

"चार वर्षं?" म्हणाला.

मी मेथीची एक जुडी पुढे ओढली.

"चार वर्षं मी ती खटारा ओढतोय. थंडीत ढकललीय, ऊर्मिला. मला वाटायचं, दोघांचं म्हातारपण गॅरेजात वाढतंय. तू हौस म्हणाली असतीस तरी ढकलली असती. पण मला माहीत असायला हवं होतं ना, मी कशासाठी ढकलतोय."

मी म्हटलं, तू नाही म्हणाला असतास.

"म्हणालो असतो कदाचित. विचारायचं तरी होतंस." आणि आत निघून गेला.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असा आवाज मी त्याचा ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. त्याच्या मागे गेले, माफी मागितली. खोटं बोलल्याची. हौसेची नाही! हौसेची मी मागणार नाही, मेले तरी.

तो म्हणाला, "आता शब्द दिलाय त्या माणसाला." आणि कूस बदलली.

३० ऑक्टोबर

कपिल कामापुरतं बोलतो. संध्याकाळी विचारलं, कूगरची किल्ली कुठे आहे. मी म्हटलं, कशाला? "परवाच्या कागदपत्रांबरोबर ठेवतो." दिली. भांडायला तोंड कुठलं उरलंय मला? फोन करून सौदा मोडू शकते, पण कपिलच्या डोक्यावरून आणखी एकदा काही करायचं नाही, एवढं ठरवलंय. जाऊ दे गाडी. पण गुंतवणूक विकली असं मी कोणाला सांगणार नाही. हौस विकली असंच सांगणार, नाव घेऊन.

३१ ऑक्टोबर

सुट्टी. उठले तर घरात कोणी नाही. फ्रिजवर चिठ्ठी: आईला फिरवून आणतो. खिडकीतून बघितलं, खटारा दारातच. गॅरेजात पळत गेले. रिकामं! मला वाटलं, मला बघवणार नाही म्हणून आजच देऊन टाकली. तिथेच जमिनीवर बसून रडले.

अंधार पडता पडता आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. कपिल उतरला, शेजारच्या सीटवरून सासूबाई, अंगात कपिलचं जाकीट. कुक्सहाफेनपर्यंत गेले होते, थेट समुद्रावर. "पाणी थंड आहे बाई तुमच्याकडचं," म्हणाल्या. "गाडी मात्र गुणाची."

मी दार उघडून मीटर बघितला. ४०,१३७.

कपिलने किल्ली माझ्या हातात दिली. "डॉक्टरांना फोन केलाय, येऊ नका म्हटलं," म्हणाला. "आता ही गुंतवणूक राहिली नाही."