आईसाठी ओढलेली सरळ रेघ

नाना, एरंडोलच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी तुम्ही कळण्याच्या भाकरीशी ठेचा खात होतात. बोटीवरून सुटीला आल्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. सहज म्हणालात, "या खेपेला डेकवर इतका बर्फ साचला, की फावड्यानं काढावा लागला." आईचा हात तव्यावर थांबला. समोरच्या भिंतीवर तुम्हीच लावलेला पॅसिफिकचा नकाशा होता, त्यावर जपानपासून अमेरिकेपर्यंत तुम्हीच पेन्सिलीनं ओढून दिलेली सरळ रेघ. तुम्ही समुद्रावर असलात की आई रोज दिवेलागणीला त्या रेघेवर आपली टिकली थोडी पुढे सरकवायची. "त्या वाटवर बर्फ कोठे शे?" तिनं विचारलं. "मनी टिकली ते मोकळा पाणीमा व्हती."

तुम्ही हसलात. रिकामा माठ मांडीवर घेतलात, कोळशानं दोन ठिपके काढलेत, एक जपान, दुसरा अमेरिका, आणि मला दोरा ताणून धरायला लावलंत. दोरा आडवा राहीना, माठाच्या गळ्याकडे सरकला. "हा जवळचा रस्ता. बोट अशी वर जाते, थंडीत. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली, की हाच रस्ता वाकडा दिसतो." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल मी कितीदा पुसला असेल, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आई मात्र माठाकडे बघतच नव्हती. "मंग आमले सरळ रेघ का बरं काढी दिन्ही?" "तुझ्या पट्टीनं वाकडी कशी येणार?" असं तुम्ही म्हणालात, आणि ती हसली नाही. नकाशा गुंडाळून तिनं माळ्यावर टाकला.

मला अजून उमगत नाही. बोटीवर अशाच वाकड्या रेघा आखण्यात तुमचा जन्म गेला, तुमच्याकडून हे चुकून झालं नसणार. तिला झोप लागावी म्हणून केलंत का? मग बर्फाचं बोललात कशाला? की एकट्यानं ते मनात ठेवून थकला होतात? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं, आणि कधी वाटतं, रेघ ओढली त्या दिवशी तुम्हाला फक्त गाडी गाठायची घाई होती.

आता माझी भाची, तुमची नात, बोटीवर अधिकारी म्हणून निघाली आहे, त्याच पाण्यात. परवा आईनं स्वतःच माळ्यावरून नकाशा खाली काढायला लावला. तुमची रेघ पुसट झालीय. "पोरनी वाट काढी दे," ती म्हणाली. मी दोरा शोधून आणला होता, नाना. तरी पट्टी उचलली आणि सरळ रेघ ओढली. आईनं रेघेवरून बोट फिरवलं. मग तुम्ही गेल्यावरही न सोडलेली कपाळाची टिकली काढून तिनं जपानवर लावली.

तुमच्या वस्तू वाटल्या: नकाशावर रेघा आखायची समांतर पट्टी आणि पितळी कर्कटक भाचीला. दुर्बीण धाकट्या भावाला. नकाशा आईच्या भिंतीवरच राहील. दोऱ्याचं रीळ मात्र मी माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली लपवलं आहे.