तू पातेलं का ओतलंस?

मंगळवार, १४ तारीख
सकाळी, चहा व्हायच्या आत

चि. ठकूस तुझ्या आप्पांचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, मी त्याहून जास्त.

शनिवारी दुपारी तुझ्या हॉटेलात झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही. परातीएवढी ताटली आणि मधोमध टिकलीएवढं जेवण! टायवाला वाढपी म्हणे, "सर, आधी सुगंध घ्या." म्हटलं, "बाबा रे, चाळीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रांधताना वासच घेतला, आता जेवू दे." मीठ मागितलं तर, "आमच्या शेफबाई टेबलावर मीठ ठेवू देत नाहीत." शेफबाई! जिला नाक पुसायला मी शिकवलं!

मग ते सूप आलं. कार्डावर छापलेलं, 'आप्पांचं कांद्याचं सूप'. एक चमचा घेतला आणि भर हॉलमध्ये ओरडलो, "अळणी!" सगळ्या माना वळल्या.

तू बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंस, आत गेलीस. आपल्या घरचा जुना नियम, आप्पा अळणी म्हणाले की पातेलं मोरीत. अख्खं पातेलं ओतलंस, काचेतून सगळ्यांनी पाहिलं. आणि काल आईला फोनवर म्हणालीस, सूप कार्डावरून काढलं, महिनाअखेर नोकरीही सोडते, आप्पांना जे जमलं ते मला जमायचं नाही.

ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, तू चाखलं नव्हतंस का? चाखलंच असणार. माझी मुलगी न चाखता ताटली बाहेर सोडायची नाही. मग बरोबर आहे हे ठाऊक असून ओतलंस कसं? बाप म्हणाला म्हणून? बाप काय देव लागून गेला?

माझी उरलेली वाटी तुझ्या आईने संपवली होती. घरी आल्यावर म्हणाली, "हुबेहूब तुमच्या हातचं. मीठ नेमकं." मी तिच्यावरही खेकसलो. तेव्हा शांतपणे म्हणाली, "वर्षभर तुमच्या भाजीत मी गुपचूप पाणी घालतेय."

ठकू, मला ते माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं. गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर मला चव लागत नाही. खारट नाही, आंबट नाही, काही नाही. रोज मिठाच्या चिमटीची मूठ करत गेलो आणि दोष कांद्याला दिला, भाजीवाल्याला दिला, शनिवारी तुला दिला. ज्या जिभेवर घर चाललं तीच गेली, हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने?

नोकरी सोडायची नाही. सूप कार्डावर परत आण. या शनिवारी येतोय. ओरडलो सगळ्यांदेखत, तर वाटीही सगळ्यांदेखतच चाटूनपुसून संपवीन. कसं झालंय ते मात्र मला विचारू नकोस, आईला विचार. आणि खोड जायची नाही, मी पुन्हा अळणी म्हणालोच, तर कमरेवर हात ठेवून म्हण, "आप्पा, गप्प जेवा."

आजपासून सराव कर.

तुझ्या हातावर विसंबलेला,
आप्पा