खडकावर किती माणसं?

ती. ताईस,

तुझ्या दोन भावांपैकी थोरल्याचा, म्हणजे शहाण्याचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे हल्ली आठातली दोन अंगं द्यायला तयार नसतात.) भाऊजींचा खोकला कसा आहे? तू समोर असलीस की ते शहाण्यासारखं गरम पाणी पितात आणि तू स्वयंपाकघरात गेलीस की फ्रिज उघडतात, हे मला त्यांनीच फोनवर सांगितलंय, तेव्हा ते मी सांगितलं असं म्हणू नकोस. आम्ही इकडे बरे आहोत. बरे म्हणजे मी आणि ही. धाकट्याबद्दल मला काही माहीत नाही, कारण तो गेले एकोणीस दिवस दुकानात आलेला नाही.

बघ, लगेच तुझ्या कपाळाला आठी पडली. म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तू पहिल्याच वाक्याला “तूच काहीतरी बोलला असशील” म्हणतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा निमूट वाच.

झालं असं की, आमच्या गल्लीच्या टोकाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढलाय. बसायच्या खोलीत एक अख्खी भिंत रिकामी. त्या स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्यापैकी कुणीतरी मला टेकडीवरून दिसणाऱ्या दरीचा पहाटेचा फोटो काढून द्या, भिंतभर.” बावीस वर्षं आम्ही दोघं माणसांना स्टुलावर बसवून हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका, असे फोटो काढतोय. भिंतभर दरी आम्हाला कोण मागणार? मला इतका आनंद झाला की मी त्यांना खुर्ची द्यायचं विसरलो. आणि “तुमच्यापैकी कुणीतरी” या शब्दांवर घोडं अडलं.

आता थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. पहाटे आभाळ उजळलेलं असतं आणि दरी काळोखात. कॅमेरा दोन्हींना एकदम खूश करू शकत नाही. आभाळ नीट घेतलं तर दरीचा कोळसा होतो, दरी नीट घेतली तर आभाळाची चुन्याची भिंत होते. माझं म्हणणं, एकच एक्स्पोजर घ्यावं, म्हणजे एकदाच टिपावं. फार तर लेन्ससमोर ती अर्धी काळसर आणि अर्धी स्वच्छ काच धरावी, काळसर बाजू वर, म्हणजे आभाळ जरा दबतं. उरलेला अंधार अंधारच राहू द्यावा. माणसानं काहीतरी निवडावं की नाही? धाकट्याचं मात्र एचडीआर. म्हणजे तिपाईवरून तेच दृश्य तीनदा टिपायचं, एकदा काळपट, एकदा मध्यम, एकदा भगभगीत, आणि मग कॉम्प्युटरवर तिन्हींतलं बरं बरं उचलून एक फोटो शिवायचा. आभाळही दिसतं, दरीतलं झाडन् झाडही दिसतं. मी म्हटलं, असं कुणाला दिसतं रे? मी पन्नास वर्षं पहाटा बघतोय, मला कधी दरीत झाड दिसलं नाही. तो म्हणाला, “दादा, मला दिसतात.” मी म्हटलं, थापा.

शेवटी ठरलं की दोघांनी आपापल्या पद्धतीनं काढायचा आणि डॉक्टरीणबाईंनी निवडायचा. माझ्या तिपाईचा पाय मोडलेला (ती तुझ्या नातवानं घोडा म्हणून वापरली होती, पण तो विषय मी काढत नाही), म्हणून तिपाई एकच, त्याची. पहिल्या दिवशी आधी कुणी काढायचा यावर आम्ही टेकडीवर इतका वेळ वाद घातला की सूर्य वर आला आणि पहाट संपली. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मनानं म्हटलं, काढ बाबा तू आधी. तो काढायला लागला आणि मी वेळ जावा म्हणून दोन पावलं पुढे गेलो. पुढे एक खडक आहे, त्यावर चढून कमरेवर हात ठेवून दरी बघितली. फोटो काढून झाला असेल असं मला वाटलं. त्या एचडीआरमध्ये तीनदा काढायचं असतं हे मला माहीत होतं, पण माझ्या अंगवळणी एकदाच काढायचं पडलेलं. तो आधी नुसता अंदाज घेत होता, तेवढं एक खट् ऐकू आलं आणि माझ्या लेखी फोटो संपला.

मग माझी पाळी. मी काच लावली. तो मागून हळूच म्हणाला, “दादा, काच एकदा बघतोस का?” मी म्हटलं, तू मला काच शिकवू नकोस. ताई, काच उलटी लागली होती. काळसर बाजू खाली. आधीच अंधारात असलेल्या दरीला मी वर गॉगल घातला आणि आभाळ उघडं सोडलं. माझ्या फोटोत वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा अर्धा काळा आला. बुद्धिबळाच्या पटावरची दोन घरं म्हणून बरा दिसला असता.

भांडण त्यावरून नाही झालं. भांडण झालं दुकानात परत आल्यावर, त्यानं शिवलेल्या फोटोवरून. तो म्हणाला, “तू मुद्दाम मध्ये आलास. खडकावर तू तीनदा आलायस.” मी फोटो नीट बघितला. खडकावर एकच माणूस होता. एक! मी म्हटलं, एकदा आलोय, चुकलो, पण तीनदा कशाला म्हणतोस, तिखटमीठ कशाला लावतोस? तो म्हणाला, एक ठळक आहे, दोन फिकट आहेत, तू तिन्ही वेळा जरा जरा हललायस. हिला बोलावलं. ही म्हणाली, “तीनच आहेत की हो.” हिचं नेहमीच असं. दिराची बाजू घ्यायची म्हटलं की हिला आकडे आपोआप सुचतात. मग मी जे बोलायला नको होतं ते बोललो. म्हणालो, तुझा फोटो खोटा, तुझी मोजणी खोटी, आणि बावीस वर्षं माझ्या दुकानात उभा राहून तू एवढंच शिकलास. “माझ्या” असं म्हणालो, ताई. पाटीवर दोघांची नावं आहेत. त्यानं तिपाई उचलली आणि तो घरी गेला. मला फार वाईट वाटलं, पण तेव्हा ते मला रागासारखं वाटत होतं.

असो. मी मजेत आहे, दुकान मी एकटा आरामात चालवतो. (काल एका माणसाचा फोटो कपाळाशिवाय आला.) भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. डॉक्टरीणबाईंना दोन्ही फोटो मीच नेऊन दिले. त्यांनी त्याचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला, मला समोर उभं केलं आणि सहज विचारलं, “खडकावर किती माणसं आहेत?” मी ठासून सांगितलं, एक. त्या हसल्या नाहीत. मला आतल्या खोलीत नेलं, हनुवटी वर ठेवायला सांगितलं आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. म्हणाल्या, फिकं काही आणि सावलीतलं काही तुम्हाला निदान दोन वर्षं धड दिसत नसणार. निरोगी डोळ्याला पहाटे दरीतली झाडं दिसतात म्हणे.

ता. क. २. गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. भीती वाटते. फोटो काढणाऱ्याचा उजवा डोळा म्हणजे काय, ते तुला कळेल. फॉर्मवर “सोबत येणारे नातेवाईक” असा रकाना होता, तिथे मी न विचारता धाकट्याचं नाव लिहून आलोय. मी फोन केला की तो त्याच्या बायकोकडे देतो. तू केलास तर घेईल. एवढ्यासाठीच हे पत्र आहे. ऑपरेशनचं सांग, पण एचडीआर बरोबर होतं असं माझ्या वतीनं कबूल करू नकोस. रंग जरा भडकच आहेत.

ता. क. ३. आज मी त्या फोटोची दुकानातली प्रत दारात उन्हात नेऊन भिंगातून पाहिली. तिघं आहेत. तिघंही कमरेवर हात ठेवून दरीकडे बघतायत आणि धाकटा मागे उभा आहे तिकडे एकानंही वळून बघितलेलं नाही. ताई, आजच फोन कर.